संपादक मंडळाचे निमंत्रण स्वीकारावे, पण कामाचा तपशील विचारून

वाचकाचे पत्र

आदरणीय मॅडम,
सप्रेम नमस्कार. मी मराठवाड्यातील एका विद्यापीठात वनस्पतिशास्त्र शिकवते. माळरानावरील गवते आणि चराई हा गेली सोळा वर्षे माझ्या संशोधनाचा विषय आहे. गेल्या महिन्यात ब्रिटनमधून प्रसिद्ध होणाऱ्या परिसरशास्त्राच्या एका नामांकित जर्नलकडून सहयोगी संपादक होण्याविषयी मला विचारणा झाली. ‘आमच्या संपादक मंडळात स्त्रियांचे आणि ग्लोबल साउथमधील देशांचे (म्हणजे आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतील विकसनशील देशांचे) प्रतिनिधित्व वाढवायचे आहे,’ असे त्यांनी पत्रात स्पष्टच लिहिले आहे. मला फार आनंद झाला होता. दुसऱ्या दिवशी विभागात ही बातमी सांगितली, तेव्हा एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले, “वा! एका नावात त्यांचे दोन रकाने भरले.” सगळे हसले. तेव्हापासून तो ई-मेल मी उघडते आणि उत्तर न लिहिता बंद करते. माझी निवड कामामुळे झाली की बाई आणि भारतीय असल्यामुळे, हे कळायला मार्ग नाही. त्यात मानधन नाही, मुलगी दहावीला आहे आणि माझे बोलण्याचे इंग्रजी अडखळते आहे. हे पद स्वीकारावे का? विद्यापीठाची परवानगी घ्यावी लागेल का? उत्तर कळवायला पंधरा दिवस उरले आहेत.
– एक वाचक

उत्तर

सप्रेम नमस्कार.

पद स्वीकारा, असेच माझे मत आहे. मात्र होकार कळवण्यापूर्वी जर्नलच्या मुख्य संपादकांना काही गोष्टी लेखी विचारून घ्या, कारण संपादक मंडळातील सगळ्या जागा सारख्या नसतात. काहींना काम आणि अधिकार असतो, काहींना फक्त छापलेले नाव असते. त्या प्रश्नांकडे मी येतेच. त्याआधी तुमच्या सहकाऱ्यांच्या त्या वाक्याविषयी लिहिते, कारण तुमचा बराचसा वेळ त्या वाक्याने खाल्ला आहे असे तुमच्या पत्रावरून दिसते.

रकाने भरण्याची गोष्ट आजची नाही. ते आधीपासूनच भरलेले होते, फक्त त्यांना रकाने म्हणण्याची कोणाला गरज वाटत नव्हती. तुमच्याच शास्त्राचे उदाहरण घ्या. परिसर-जीवशास्त्राच्या २४ जर्नलांची १९८५ ते २०१४ या तीस वर्षांतील संपादक मंडळे तपासून काही संशोधकांनी २०१७ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्या काळात तीन हजार आठशेहून अधिक शास्त्रज्ञांनी या जर्नलांचे संपादन केले होते आणि ते सत्तर देशांत विखुरलेले होते. सत्तर हा आकडा ऐकून बरे वाटते. पण त्यांच्यापैकी सुमारे ६७ टक्के संपादक अमेरिका आणि ब्रिटन या दोनच देशांतले होते. तीस वर्षांत संपादकांची संख्या चौपट झाली, तरी भौगोलिक विविधता १९८५ साली जेवढी तोकडी होती तेवढीच २०१४ सालीही राहिली. उष्ण कटिबंधातील जंगले, गवताळ प्रदेश, खारफुटी आणि प्रवाळ यांच्यावर जगभर संशोधन चालते. त्यातले काय छापण्याजोगे आहे हे ठरवणारे लोक मात्र बहुतेक त्या प्रदेशांबाहेरचे होते.

स्त्रियांच्या बाबतीत चित्र वेगळे नाही. याच क्षेत्रातील दहा जर्नलांच्या १९८५ ते २०१३ या काळाच्या पाहणीत विषय-संपादकांमध्ये, म्हणजे आपापल्या विषयाचे निबंध हाताळणाऱ्या संपादकांमध्ये, स्त्रियांचे प्रमाण १६ टक्के निघाले. गणितात स्थिती आणखी वाईट आहे. ४३५ जर्नलांच्या मंडळांची मोजणी २०१६ साली प्रसिद्ध झाली, तेव्हा संपादकपदांपैकी ८.९ टक्के पदे स्त्रियांकडे होती. २०२३ साली आलेला एक मोठा अभ्यास पंधरा विद्याशाखा आणि पाच दशके व्यापणारा आहे. त्याची आकडेवारी मला सर्वांत बोलकी वाटते. त्यात लेखकांमध्ये स्त्रिया २६ टक्के, संपादकांमध्ये १४ टक्के आणि मुख्य संपादकांमध्ये ८ टक्के आहेत. म्हणजे शोधनिबंध लिहिण्यापर्यंत स्त्रिया पोहोचल्या आहेत, पण शोधनिबंधांविषयी निर्णय घेण्याच्या प्रत्येक पायरीवर त्यांची संख्या जवळपास निम्म्याने घटत जाते. १८६९ साली सुरू झालेल्या ‘नेचर’ला पहिली स्त्री मुख्य संपादक मिळाली ती २०१८ साली, मॅग्डालेना स्किपर यांच्या रूपाने. त्याआधीच्या जवळजवळ दीडशे वर्षांतील प्रत्येक मुख्य संपादक पुरुष होता, आणि त्यांच्यापैकी कोणाला ‘तुमची निवड पुरुष म्हणून झाली का’ असे कोणी विचारले असेल, असे मला वाटत नाही.

तुमचे सहकारी कदाचित म्हणतील की या सर्वांची निवड गुणवत्तेवर झाली होती. मी अकरा वर्षे एका जर्नलची सहयोगी संपादक होते आणि निवड कशी होते हे मी जवळून पाहिले आहे. मंडळातील एखादी जागा रिकामी झाली की विद्यमान संपादकांना नावे सुचवायला सांगतात. ज्यांच्यासोबत निबंध लिहिले, ज्यांच्या प्रयोगशाळेत एक वर्ष काढले, ज्यांच्याशी परिषदेत चहाच्या वेळी गप्पा झाल्या, त्यांचीच नावे प्रत्येकाला आठवतात. सुचवलेली माणसे बहुधा चांगलीच असतात, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण तितक्याच चांगल्या ज्या बाईला व्हिसा आणि विमानभाडे जमले नाही म्हणून ती त्या परिषदेला गेलीच नाही, तिचे नाव त्या यादीत येण्याचा मार्गच नसतो. वाढपी ओळखीचा असला की पंक्तीत शेवटी बसले तरी चालते, असे आपल्याकडे म्हणतात. जर्नलांच्या पंक्तीत वर्षानुवर्षे हेच चालत आले आहे. आज एखादे जर्नल ओळखीबाहेर पाहायचे ठरवते आणि तसे उघड लिहिते. तेव्हा ते गुणवत्ता बाजूला ठेवत नसते, तर आजवर जिथे शोधले नाही तिथे ती शोधत असते. सोळा वर्षे माळरानावर काम केलेल्या व्यक्तीचे नाव त्यांना सापडले, ते तुमचे निबंध वाचल्यामुळेच असावे. स्त्रिया आणि भारतीय या दोन्ही वर्णनांत बसणाऱ्या असंख्य जणी आहेत, पण पत्र तुम्हाला आले आहे.

संपादक मंडळात कोण आहे याने खरोखर काय फरक पडतो, हे आता सांगते, कारण तुमच्या निर्णयाला पाया हवा असेल तर तो इथे आहे.

जर्नलकडे आलेल्या निबंधाला तीन दरवाजे ओलांडावे लागतात. पहिल्या दरवाजात संपादक तो वाचून समीक्षेला, म्हणजे त्या विषयातील इतर तज्ज्ञांच्या तपासणीला, पाठवायचा की तिथूनच परत करायचा हे ठरवतो, आणि नामांकित जर्नलांत मोठ्या संख्येने निबंध इथूनच परत जातात. दुसऱ्या दरवाजात संपादक समीक्षक निवडतो. तिसऱ्यात, समीक्षकांचे अभिप्राय परस्परविरोधी आले तर कोणाचे म्हणणे ग्राह्य धरायचे हे ठरवतो. तिन्ही ठिकाणी नियमांपेक्षा संपादकाची समज आणि त्याच्या ओळखीचे वर्तुळ जास्त काम करते. स्वित्झर्लंडच्या ‘फ्रंटियर्स’ या प्रकाशन संस्थेच्या जर्नलांच्या नोंदींवरून २०१७ साली दाखवण्यात आले की संपादक समीक्षक निवडताना स्वतःच्याच लिंगाच्या व्यक्तींकडे झुकतात, आणि ही प्रवृत्ती पुरुषांत आहे तशी स्त्रियांतही आहे. संपादक बहुसंख्येने पुरुष असले की समीक्षकही बहुसंख्येने पुरुष होतात, त्यासाठी कोणाच्या मनात आकस असावा लागत नाही. ‘ई-लाइफ’ या जर्नलकडे २०१२ ते २०१७ या काळात आलेल्या जवळपास २४ हजार निबंधांच्या अभ्यासातही असेच काहीसे दिसले. समीक्षक सगळे पुरुष असताना पुरुष लेखकांना निबंध स्वीकारला जाण्यात जो वरचढपणा मिळत होता, तो स्त्री-पुरुष मिश्र समीक्षक असताना बराचसा मावळत होता.

तुमच्या शास्त्रातला पुरावा याहून थोडा गुंतागुंतीचा आहे, आणि तो तुमच्यापासून लपवणे मला योग्य वाटत नाही. ब्रिटिश इकॉलॉजिकल सोसायटीच्या ‘फंक्शनल इकॉलॉजी’ या जर्नलच्या २००४ ते २०१४ या काळातील नोंदी तपासल्या, तेव्हा स्त्री संपादकांनी स्त्री समीक्षकांना अधिक प्रमाणात बोलावले होते असे दिसले, पण संपादक स्त्री की पुरुष यामुळे निबंधांच्या अंतिम निकालात फरक पडलेला दिसला नाही. तेव्हा तुम्ही मंडळात गेल्याने स्त्री लेखकांचे निबंध लगेच जास्त संख्येने छापले जातील, असे मी तुम्हाला सांगणार नाही. याच जर्नलने पुढे एक प्रयोग केला. साडेतीन हजारांहून अधिक निबंधांची यादृच्छिक विभागणी करून काहींच्या लेखकांची नावे समीक्षकांना दाखवली आणि काहींची झाकली. त्याचे निष्कर्ष २०२३ साली प्रसिद्ध झाले. लिंगाच्या बाबतीत नावे झाकल्याने फारसा फरक पडला नाही. पण श्रीमंत आणि इंग्रजीत सफाईदार असलेल्या देशांतील लेखकांचे नाव-गाव समीक्षकांना दिसत होते, तेव्हा त्यांच्या निबंधांना जास्त चांगले अभिप्राय मिळत होते, आणि नावे झाकताच तो फायदा विरत होता. निबंध कुठून आला हे त्याच्या मूल्यमापनात शिरते, याचा इतका स्वच्छ पुरावा क्वचितच मिळतो. म्हणून तुमच्या पत्रातील दोन रकान्यांपैकी भूगोलाचा रकाना मला अधिक महत्त्वाचा वाटतो.

भूगोल मंडळाबाहेर राहिला की काय होते, याचा एक प्रसंग सांगते. मी संपादक असताना आपल्याकडच्या एका महाविद्यालयीन प्राध्यापकाचा दख्खनच्या माळावरील गवतांवर निबंध आला. मी दोन समीक्षक नेमले, दोघे युरोपातले, दोघे विषयातले जाणकार. त्यांच्यापैकी एकाने लिहिले की ही जागा म्हणजे ऱ्हास पावलेले जंगल आहे, तेव्हा लेखकाने तुलनेसाठी जवळचे न तोडलेले जंगल का घेतले नाही हे स्पष्ट करावे, अन्यथा निबंधाचा पायाच कच्चा आहे. त्यांनी हे सद्भावनेने लिहिले होते. जिथे झाडे नाहीत तिथे ती पूर्वी असणारच, आणि कोणीतरी तोडली असणारच, हे त्यांच्या शास्त्रीय संस्कारात इतके मुरलेले होते की माळरान ही स्वतंत्र, पुरातन परिसंस्था असू शकते हा विचार त्यांच्या वाचनात आला नसावा. त्यांना तरी दोष काय द्यायचा, आपल्याकडच्या सरकारी नोंदींतही माळांची कितीतरी जमीन पडीक म्हणून लागते आणि तिच्यावर झाडे लावण्याचे कार्यक्रम होतात. ज्या माळावर माळढोक पक्षी नांदत असे, ज्याच्यासाठी सोलापूरजवळ नान्नजला १९७९ साली अभयारण्य जाहीर झाले, त्या माळाला ओसाड म्हणायला आपणच जगाला शिकवले आहे.

मी तिसरा समीक्षक शोधायला निघाले. जर्नलच्या संगणकात समीक्षकांची जी यादी होती तिच्यात या विषयाचा एकही भारतीय माणूस नव्हता. जुने निबंध चाळत, त्यांतील आभाराचे परिच्छेद वाचत, कोणी कोणाला गवत ओळखून दिले याचा माग काढत मी एका तालुक्याच्या गावातील महाविद्यालयात पोहोचले. तिथल्या प्राध्यापिका बावीस वर्षे शिकवत होत्या आणि त्यांना आयुष्यात एकदाही कोणत्या जर्नलने समीक्षेसाठी विचारले नव्हते. त्यांनी तीन पानी अभिप्राय पाठवला. मारवेल हे गवत कुठे टिकते आणि कुठे ते मागे हटून कुसळी गवत माजते, मेंढपाळांचे कळप वर्षातून कधी येतात, गवत कोणत्या महिन्यात कापले जाते आणि माळ कधी पेटवला जातो, हे सगळे मांडून त्यांनी दाखवले की तुलना जंगलाशी करायची नसून न चरलेल्या आणि न पेटवलेल्या माळाशी करायला हवी, आणि तशी तुलना लेखकाने निम्म्याच ठिकाणी केली आहे. म्हणजे त्यांनी लेखकाला मोकळे सोडले नाही. युरोपातल्या समीक्षकाने जी चूक दाखवली ती चूक नव्हती, आणि जी खरी उणीव होती ती त्याला दिसली नव्हती. निबंध दोनदा दुरुस्त होऊन छापला गेला. तिसरा समीक्षक मिळायला सहा आठवडे गेले होते. इतका वेळ तो निबंध थांबवून ठेवल्याबद्दल मला विचारणा झाली, आणि मी समजावून सांगितले तेव्हा मुख्य संपादकांनी ते मानले. माझ्या जागी हा विषय ओळखीचा नसलेला, पण तितकाच प्रामाणिक संपादक असता, तर पहिल्या अभिप्रायावरच निबंध परत गेला असता आणि त्यात कोणाला काही वावगे दिसले नसते.

याच्या उलट अनुभवही मला आला आहे, आणि तुमच्या मनातली भीती बिनबुडाची नाही हे सांगण्यासाठी तो लिहिते. तरुणपणी एका जर्नलच्या सल्लागार मंडळावर मला घेतले गेले. चार वर्षे मुखपृष्ठाच्या आतल्या पानावर माझे नाव छापले जात होते. त्या चार वर्षांत एकही निबंध माझ्याकडे आला नाही, एकाही बैठकीचे बोलावणे आले नाही, आणि जर्नलचे धोरण बदलले तेही मला दुसऱ्यांकडून कळले. मी दोनदा पत्र पाठवून काम मागितले. ‘आपला पाठिंबा आम्हाला मोलाचा आहे,’ असे उत्तर आले. ही शोभेची जागा होती, आणि ती मी ओळखून वेळीच सोडली नाही याचे मला अजून वाईट वाटते, कारण माझे नाव तिथे असल्यामुळे त्या जर्नलमध्ये स्त्रिया आहेत असे दिसत राहिले. असे आपल्याकडेही घडते. स्कोपससारखी जर्नलांची आंतरराष्ट्रीय सूची जर्नलची निवड करताना संपादकांची भौगोलिक विविधता पाहते, म्हणून आपली काही जर्नले परदेशी प्राध्यापकांची नावे मंडळात मांडून ठेवतात आणि त्यांना वर्षभर एक ओळही पाठवत नाहीत.

म्हणून निवड कोणत्या कारणाने झाली हा प्रश्न मनातून काढून टाका आणि तुमच्या हातात काय सोपवले जाणार आहे हा प्रश्न विचारा. पहिल्याचे उत्तर तुम्हाला कधीच मिळणार नाही, दुसऱ्याचे मागितले तर मिळते. सहयोगी संपादक म्हणून महिन्याला किती निबंध तुमच्याकडे येतील आणि ते तुमच्याच विषयाचे असतील का, हे विचारा. समीक्षक तुम्ही निवडायचे की कार्यालयाने दिलेल्या यादीतून, आणि यादीबाहेरचे नाव घालण्याची मुभा आहे का, हे विचारा, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त अधिकार त्या एका मुभेत आहे. तुमचा निर्णय अंतिम असतो की मुख्य संपादक तो बदलू शकतात, आणि बदलला तर कारण कळवतात का, हेही स्पष्ट करून घ्या. मुदत किती वर्षांची आहे ते पाहा. तीन वर्षे ठीक, अमर्याद मुदत नको. मंडळात सध्या स्त्रिया किती आहेत, आशिया, आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतील संपादक किती आहेत, आणि आलेल्या व स्वीकारलेल्या निबंधांची लिंग आणि देश यांनुसार आकडेवारी ते ठेवतात का, हे विचारायला अजिबात संकोचू नका. रॉयल सोसायटी ऑफ केमिस्ट्रीच्या पुढाकाराने २०२० साली अनेक प्रकाशकांनी अशी माहिती गोळा करण्याची आणि मंडळांची घडण तपासण्याची संयुक्त बांधिलकी जाहीर केली, आणि पुढे पन्नासहून अधिक प्रकाशक तिच्यात सामील झाले. तुमच्या जर्नलचा प्रकाशक त्यांच्यात आहे का ते पाहा. असेल, तर तुमचा प्रश्न त्यांना आगाऊपणाचा वाटण्याचे कारणच नाही.

ही उत्तरे मोघम आली, ‘आपली उपस्थितीच आमच्यासाठी महत्त्वाची आहे’ अशा धाटणीची आली, तर नम्रपणे नकार द्या. नेमकी आली, तर होकार द्या. मला वाटते ती नेमकीच येतील, कारण त्यांनी तुम्हाला सल्लागार मंडळावर न घेता सहयोगी संपादक केले आहे, आणि त्या पदावरच्या माणसाला सहसा काम असते.

आता तुमच्या व्यवहाराच्या अडचणी. सहयोगी संपादकाला बहुतेक जर्नले मानधन देत नाहीत, हे खरे आहे आणि ते न्याय्य नाही. पगारी सवडीच्या आणि सहायकांच्या जोरावर जे काम होते, ते आपल्याकडे आठवड्याचे तास घेऊन, परीक्षेचे पेपर तपासून, मूल्यांकनाचे अहवाल लिहून उरलेल्या वेळात करावे लागते. एका निबंधाला दोन समीक्षक मिळवण्यासाठी मला अनेकदा आठ-दहा जणांना विचारावे लागे. तेव्हा ‘पहिल्या वर्षी महिन्याला दोनपेक्षा जास्त निबंध नकोत, आणि मार्चमध्ये एकही नको,’ असे त्यांना सरळ लिहा. मुलगी दहावीला आहे हे कारण सांगण्याची गरज नाही, पण मार्चची अट घालण्याचा तुम्हाला पूर्ण हक्क आहे. बैठकांची वेळही आधीच ठरवून घ्या. लंडनमध्ये दुपारचे तीन म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडे रात्रीचे साडेआठ वाजतात. मंडळात आशियातील एकच व्यक्ती असली की दर वेळी तिचेच जेवण मागे पडते आणि ते कोणाच्या लक्षातही येत नाही. तिथल्या सकाळी दहाला बैठक घ्या असे सुचवले तर ते ऐकतात, मी सुचवले होते.

इंग्रजीची काळजी सोडा. संपादकाचे जवळजवळ सगळे काम लेखी असते, निर्णयपत्रांचे ठरलेले नमुने असतात, आणि त्यांत तुम्हाला जे दोन-तीन परिच्छेद स्वतःचे घालायचे असतात ते शास्त्राविषयीचे असतात. सोळा वर्षे त्या भाषेत निबंध लिहिणाऱ्या व्यक्तीला ते जमणार नाही असे मी मानत नाही. उलट अडखळत्या इंग्रजीमागचे चांगले शास्त्र ओळखणारा संपादक त्या मंडळाला हवाच आहे. व्हिएतनाम, केनिया किंवा कोलंबियातून आलेल्या निबंधाची भाषा खडबडीत असेल, तेव्हा ‘आधी इंग्रजी मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून आणा’ असे लिहून तो परत करण्याआधी तुम्ही त्यातली आकडेवारी पाहाल.

पद मिळाल्यावर एक काम मात्र आठवणीने करा. भारतातून समीक्षक हवा असेल तेव्हा तुमच्याही मनात आधी पुणे, बेंगळुरू आणि दिल्लीच्या संस्थांची नावे येतील, जशी माझ्या येत. आपल्या देशातही मध्य आणि कडा आहेतच. गडचिरोलीच्या जंगलावरचा निबंध पुण्यातल्या माणसाकडे आणि नांदेडच्या माळावरचा बेंगळुरूकडे जाणार असेल, तर लंडनहून दिल्लीपर्यंत आलेली विविधता तिथेच थांबली असे म्हणावे लागेल. लिंग आणि देश या दोन मोजण्या करून झाल्या तरी जातीची मोजणी कोणतेही परदेशी जर्नल करत असल्याचे माझ्या पाहण्यात नाही. आपल्या मंडळांत आणि समीक्षकांच्या याद्यांत कोणत्या घरांतली माणसे वर्षानुवर्षे दिसतात हे तुम्हाला आणि मला ठाऊक आहे. उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ साली देशातील शिक्षकांपैकी सुमारे ४३ टक्के स्त्रिया होत्या. आपल्या विद्यापीठांच्या आणि विषय-परिषदांच्या जर्नलांची मंडळे उघडून तेवढ्या स्त्रिया तिथे सापडतात का ते पाहा. तुमच्या ज्येष्ठ सहकाऱ्यांना त्या पाहणीत मदत करायला सांगितलेत तरी चालेल, मला वाटते त्यांना तो आकडा माहीत नसावा.

एक सावधगिरीची सूचना. तुमचे नाव मंडळात झळकले की इतर जर्नलांची निमंत्रणे तुम्हाला ढिगाने येऊ लागतील, ‘आदरणीय विदुषी’ अशा संबोधनाने, आणि त्यांतली बरीच बनावट असतील. २०१५ साली पोलंडमधील संशोधकांनी अॅना ओ. शुस्ट नावाची एक काल्पनिक बाई उभी केली, जिच्या नावाचा पोलिश भाषेतला अर्थच लबाड माणूस असा होतो. एकही चांगला निबंध तिच्या नावावर नसताना त्यांनी ३६० जर्नलांकडे तिच्यासाठी संपादकपदाचा अर्ज केला, आणि ४८ जर्नलांनी तिला नेमलेसुद्धा. अशी जर्नले संपादकाला एकही प्रश्न विचारत नाहीत आणि त्यांना प्रश्न विचारलेले आवडत नाही. वर दिलेले प्रश्न तिथेही पाठवा, उत्तर बहुधा येणारच नाही.

परवानगीविषयी: हे मानद शैक्षणिक काम असले तरी विभागप्रमुखांमार्फत कुलसचिवांना लेखी कळवा आणि त्या पत्राची पोच जपून ठेवा. लेखी परवानगी हवी की नुसती माहिती पुरते, हे तुमच्या विद्यापीठाच्या नियमांवर अवलंबून आहे, आणि आस्थापना विभाग ते दोन दिवसांत सांगेल. पत्रात कामाचे तास, मानधन नसल्याचा उल्लेख आणि मुदत लिहा, म्हणजे पुढे पदोन्नतीच्या अर्जात हे काम मोजून घेताना कागद हाताशी असेल. जर्नलला मात्र परवानगीची वाट न पाहता आजच चार ओळी पाठवा: निमंत्रणाबद्दल आभार, मला रस आहे, सोबतच्या प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर मी आठवड्याभरात अंतिम होकार कळवते. पंधरा दिवसांपैकी किती संपले हे तुमच्या पत्राच्या तारखेवरून मला दिसते आहे, म्हणून हे उत्तर मी सदराच्या पाळीची वाट न पाहता तुम्हाला आधी ई-मेलने पाठवत आहे.